कोळसा वाहणारा पोरगा ते कामगारांचा शाहीर : वाटेगावचे अण्णा भाऊ साठे

दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या वस्त्यांमध्ये अण्णा भाऊंची प्रतिमा लागते, हार पडतो, डीजे वाजतो. १८ जुलैला, त्यांच्या स्मृतिदिनी, तीच प्रतिमा पुन्हा बाहेर येते. पण या प्रतिमेतला माणूस कोण होता, असे शिबिरातल्या मुलांना विचारले की दोनच उत्तरे येतात. पहिले, "ते दीड दिवस शाळेत गेले." दुसरे, "ते मातंग समाजाचे होते." दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. अण्णा भाऊ हे हमाल होते, कोळसा वाहणारे मजूर होते, खाणकामगार होते, गिरणीकामगार होते. पुढे ते कामगार चळवळीचे आणि कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले, शाहीर झाले, कादंबरीकार झाले. आमदार-खासदार ते कधीच झाले नाहीत, पण मुंबईच्या कामगारांचे राजकारण ज्यांनी घडवले त्यांच्यात त्यांचे नाव घ्यावेच लागते. आंबेडकरी तरुणांनी त्यांच्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. म्हणून हा परिचय.

सातारा की सांगली?

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. जुन्या पुस्तकांत जिल्हा सातारा लिहिलेला असतो, नव्या पुस्तकांत सांगली. यात चूक कुणाचीच नाही. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्यांतला 'सातारा' म्हणजे बहुतेक वेळा हाच वारणा-कृष्णेचा टापू.

हा टापू आपल्यालाही परका नाही. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. माता भीमाईंचे निधनही साताऱ्यातच झाले. त्या शाळाप्रवेशानंतर वीस वर्षांनी त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तुकाराम जन्मला. एकाला शाळेत वर्गाच्या कडेला का होईना, बसायला जागा मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला शाळेचा दीड दिवस आला.

हजेरीचे दिवस

मांग समाजाकडे गावगाड्यात दोरखंड वळणे, वाजप, राखण अशी कामे होती. बलुत्यात मिळेल ते धान्य, हाच पगार. त्यावर इंग्रजी राज्याने आणखी एक शिक्का मारला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारित कायद्यांनी अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याला पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवानगी घ्यावी लागे. जातीने आधीच केलेला निवाडा सरकारने कागदावर उतरवला, असे याचे सरळ वर्णन करता येईल. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. म्हणजे अण्णा भाऊंच्या आयुष्याची पहिली तीस-बत्तीस वर्षे तो या देशात कुठे ना कुठे लागू होता.

'फकिरा' ही कादंबरी याच वातावरणातली आहे. दुष्काळात माणसे मरू लागल्यावर धान्य आणि खजिना लुटून गोरगरिबांत वाटणारा फकिरा हा वाटेगावच्या लोकांच्या आठवणीतला खरा माणूस होता. लहानपणी अण्णा भाऊंनी त्याच्या गोष्टी घरातच ऐकल्या. सरकारी दप्तरातल्या दरोडेखोराला त्यांनी पुढे साहित्यात नायक केले.

पायी मुंबई

१९३१ च्या सुमारास भाऊराव बायकापोरांना घेऊन मुंबईला निघाले. वडील आधीपासून मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करत होते. गावाकडे दुष्काळ आणि उपासमार होती. गाडीभाड्याला पैसे नसल्याने कुटुंब पायी निघाले. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वाटेत मिळेल ते काम करायचे, पोटाला घालायचे, पुन्हा चालायचे.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारी माणसांची रांग तेव्हा मोठीच होती. समाजशास्त्रात याला स्थलांतर म्हणतात आणि त्याची 'ढकलणारी' व 'ओढणारी' कारणे सांगतात. वाटेगावच्या मांगवाड्यातून पाहिले तर ढकलणाऱ्या कारणांत दुष्काळाइतकीच जातही होती. कुणब्याचा पोरगा मुंबईला गेला तरी गावाकडे वावर राहायचे आणि सुगीला तो परत यायचा. भूमिहीन मांगाला परतायला वावर नव्हते.

कोळसा, खाण आणि गिरणी

मुंबईत कुटुंब भायखळ्याला उतरले. या काळात अण्णा भाऊंनी केलेल्या कामांची यादी चरित्रकार देतात ती वाचण्यासारखी आहे : हमाल, बूटपॉलिशवाला, घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, कोळसेवाहक, दारावरचा राखणदार, कुत्रा सांभाळणारा, मुले खेळवणारा, उधारी वसूल करणारा, खाणकामगार. यातले एकही काम कायमचे नव्हते. एकाही कामाला हजेरीपट, रजा किंवा नुकसानभरपाई नव्हती. आजच्या भाषेत हे सगळे असंघटित क्षेत्र. याच रस्त्यांवर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत त्यांनी अक्षरे लावली. वाचता येऊ लागले तसे वर्तमानपत्र आले, मग पुस्तके.

पुढे ते कापड गिरणीत लागले. गिरणी ही जातीबाहेरची जागा आहे असे अनेकांना वाटे. ती तशी नव्हती. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओलसर करावा लागे, त्याला अस्पृश्याची थुंकी लागली तर इतर कामगारांना विटाळ होई! म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद आणि कमी मजुरीचे सूतकताईचे काम तेवढे खुले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना नेमका याच मुद्द्यावर जाब विचारला होता. सगळ्या कामगारांची एकी हवी, तर ती विणकाम खात्याच्या दारातही दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा मुद्दा लक्षात ठेवला तर अण्णा भाऊंचा पुढचा प्रवास नीट कळतो. ते लाल बावट्याखाली गेले तेव्हा जात विसरून गेले नव्हते. वर्गाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न त्यांच्या अंगावर एकाच वेळी पडला होता.

लेबर कँप : राजकारणाची शाळा

माटुंग्याचा लेबर कँप ही प्रामुख्याने दलित कामगारांची वस्ती. निळा आणि लाल असे दोन्ही झेंडे तिथे होते. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत आघाडीवर असलेले आणि पुढे कम्युनिस्ट झालेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे काम करत. अण्णा भाऊ याच वस्तीत राजकीय झाले. सभेच्या आधी सतरंजी घालणे, भिंती रंगवणे, पत्रके वाटणे अशा कामांनी सुरुवात झाली. त्यांची पहिली ओळखली जाणारी रचना लेबर कँपातल्या मच्छरांवर होती. गटार, डास आणि हिवताप हा वस्तीचा रोजचा प्रश्न. तोच त्यांनी पोवाड्यात घातला आणि वस्तीने तो उचलला.

मधल्या काळात गिरणीतले काम सुटले, गावाकडे परतावे लागले, आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते उभे राहिले. ढोलकी, हलगी, वग, सवाल-जबाब हे शिक्षण तिथले. मुंबईला परतले तेव्हा त्यांच्याकडे पक्षाचा विचारही होता आणि तो लोकांच्या कानापर्यंत नेणारे साधनही होते.

१९४३ मध्ये त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ मध्ये बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मातंग, एक मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गवाणकर, असे हे त्रिकूट महाराष्ट्रभर फिरले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचे इलेक्शन' या लोकनाट्यांत सावकार, काळाबाजारवाला आणि मते विकत घेणारा शेठ रंगमंचावर उभा केला गेला. जुन्या तमाशातल्या गणात गणपतीला वंदन असे. अण्णा भाऊंनी तिथे कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गवळण काढून टाकली. तमाशातल्या बाईची थट्टा करून हशा मिळवणे त्यांनी नाकारले, हे विशेष नोंदवायला हवे.

कलापथक म्हणजे नुसते मनोरंजन नव्हते. ज्या कामगाराला पत्रक वाचता येत नाही, त्याला मागणी गाण्यातून पाठ होते. गिरणीच्या दारात भाषणाला पन्नास माणसे थांबत असतील, तर डफ वाजला की पाचशे थांबतात. सरकारलाही हे कळत होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

बाबासाहेब आणि कोळसा खाण

इथे एक समांतर गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या तरुणांना बाबासाहेब 'कामगार नेते' म्हणून फार कमी ठाऊक असतात. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर होते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. तिथल्या मजुरांत दलित आणि आदिवासी मोठ्या संख्येने होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने करायचे, अशी ही योजना. उपकार म्हणून नव्हे, तर कोळशाच्या प्रत्येक टनातला हक्काचा वाटा म्हणून.

म्हणजे १९४४ हे वर्ष असे आहे : दिल्लीत बाबासाहेब कोळसा कामगारांसाठी कायदा करत आहेत, आणि मुंबईत कधीकाळी कोळसा वाहिलेला एक तरुण कामगारांसाठी कलापथक उभे करतो आहे. दोघांच्या पक्षांत मतभेद होते, तीव्र होते. पण दोघांसमोरचा माणूस एकच होता.

'फकिरा' कोणाला अर्पण आहे?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंच्या लावण्यांनी आणि छकडीने मैदाने भरली. समितीत कम्युनिस्ट होते, तसाच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होता. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाचे गाणे त्यांनी असे रचले की त्यातून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचे दुःख बोलू लागले. विरह मात्र खरा होता. तो मुंबईतल्या प्रत्येक कामगाराच्या खोलीत होता.

१९५९ मध्ये 'फकिरा' प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. या कादंबरीची अर्पणपत्रिका प्रत्येकाने उघडून पाहावी. ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे. कम्युनिस्ट पक्षाचा एक कार्यकर्ता, जो धर्मांतर करून बौद्ध झाला नाही, तो आपली सर्वांत मोठी कृती बाबासाहेबांना वाहतो. बाबासाहेबांनी सांगितलेला जग बदलण्याचा संदेश पुढे नेणारे त्यांचे गीत आजही आपल्या प्रत्येक जलशात गायले जाते.

त्याआधी, २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले. उद्घाटक अण्णा भाऊ होते. पृथ्वी शेषाच्या फण्यावर उभी नसून ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, हा त्यांचा विचार याच भाषणातला. 'दलित' आणि 'कष्टकरी' हे दोन्ही शब्द त्यात सोबत आहेत. एक गाळून दुसरा घेता येत नाही.

खाण बंद पडते तेव्हा

अण्णा भाऊंच्या तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कितीतरी कथा आहेत. नव्या वाचकाने सुरुवात 'स्मशानातील सोनं' या कथेपासून करावी. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत काम धरतो. खाण बंद पडते. बायको आणि मुलगी घरात. मग तो रात्री मसणवटीत जाऊन मढ्यांबरोबर गेलेले सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. खडक फोडणारी बोटेच गेलेली असतात.

बेरोजगारी माणसाचे काय करते, हे सांगायला यात एकही आकडेवारी नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला ही कथा कधी शिकवली नाही. ती शिकवायला हवी होती.

अखेर

१९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियाला गेले आणि परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. मुंबईत त्यांचे बरेच आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेले. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, पण घरची गरिबी हटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावला त्यांचे निधन झाले, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी. मृत्यूनंतर मानसन्मान आले : १९८५ मध्ये त्यांच्या नावाचे विकास महामंडळ, २००२ मध्ये टपाल तिकीट, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा. पण त्यांच्या नावाच्या त्याच महामंडळातील कोट्यवधींच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली २०१५ मध्ये माजी अध्यक्षाला अटक झाली, हेही आपण विसरू नये. पुतळ्याने वस्तीत पाणी येत नाही, नुसत्या महामंडळानेही येत नाही. हिशेब मागणारी संघटना लागते. ती बांधायचे शिक्षण अण्णा भाऊंनी लेबर कँपात घेतले होते.

आपल्यासाठी आज

१ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या अण्णा भाऊंच्या जयंतीला, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. त्यानंतर आपल्या भागात काय झाले ते सगळे पाहत आहेत. व्हॉट्सअॅप गटांत बौद्ध आणि मातंग तरुण एकमेकांना नको ते बोलू लागले. जयंतीच्या मिरवणुका वेगळ्या होत्याच, आता बोलणेही बंद होऊ लागले.

उपवर्गीकरणाच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे मुद्दे आहेत. माझे मत इतकेच की हा वाद आकड्यांवर व्हावा : कोणत्या तालुक्यात कोणत्या जातीची किती मुले पदवीपर्यंत पोचली, किती नोकरीला लागली, किती जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या, किती कंत्राटीकरणात गेल्या. मातंग समाज मागे राहिला असेल तर ते मान्य करायला बौद्धांनी कचरू नये. आणि त्याला बौद्धांनी मागे ठेवले, असे कोणी सांगत असेल तर सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे, हे मातंग तरुणांनी विचारावे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. वरच्यावर राग धरण्याऐवजी शेजारच्यावर धरायला ती शिकवते. सावित्रीमाई-जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिते तेव्हा ती दोन्ही नावे जोडून लिहिते. तिच्या आणि अण्णा भाऊंच्या मध्ये शंभर वर्षे आहेत, पण धागा तोच आहे.

दुसरी गोष्ट. ज्या वाळवा तालुक्यातून अण्णा भाऊ पोटासाठी बाहेर पडले, तो आज उसाचा श्रीमंत तालुका आहे. दर हिवाळ्यात तिथे बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. पालाच्या झोपड्या उभ्या राहतात. त्यात दलित, भटके-विमुक्त कुटुंबे असतात आणि शाळेच्या वयाची पोरे फडात वाढे गोळा करत असतात. वाटेगावचा तुकाराम आज कुठे आहे असे कोणी विचारले, तर त्याला या पालांकडे न्यावे.

म्हणून येत्या १ ऑगस्टला तीन साधी कामे करता येतील. विहारात 'फकिरा'चे सामूहिक वाचन ठेवा आणि मातंग वस्तीतल्या मुलांना श्रोते म्हणून नव्हे, वाचक म्हणून बोलवा. आपल्या गावाजवळच्या पालांवर जाऊन किती मुले शाळेबाहेर आहेत याची यादी करा आणि ती शाळेत, पंचायत समितीत द्या. आणि वस्तीतल्या घरकाम, बांधकाम, सफाई करणाऱ्यांची नोंदणी झाली आहे का ते पाहा. हारापेक्षा याला वेळ जास्त लागतो. पण अण्णा भाऊंनी आयुष्यभर हेच केले : आधी वस्तीत गेले, मग गाणे लिहिले.

थोडक्यात जीवनपट

- १९२० : १ ऑगस्टला वाटेगाव येथे जन्म.
- १९३१ च्या सुमारास : कुटुंबासह पायी मुंबईला.
- १९४३ : स्टालिनग्राडचा पोवाडा.
- १९४४ : लाल बावटा कलापथकाची स्थापना.
- १९५८ : २ मार्चला पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन.
- १९५९ : 'फकिरा' प्रसिद्ध, १९६१ मध्ये राज्य पुरस्कार.
- १९६१ : सोव्हिएत रशियाचा दौरा.
- १९६९ : १८ जुलैला निधन.

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांना विनम्र अभिवादन. जय भीम!